अति झालं आणि हसू आलं : 'बर्सर्क' आणि सर्कशीतले खून

सिनेमाचं शेवटचं दृश्य आलं आणि सभागृहात हशा पिकला. पडद्यावर एक तरुण मुलगी भर पावसात विजेच्या तारेला लागून मरते आहे, तिची आई आक्रोश करते आहे, आणि इकडे कळमनुरीत आपण सगळे हसतोय. आम्हीही हसलो, नाही म्हणणार नाही. आजचं बोलणं त्या हसण्याबद्दलच आहे. आपण कशाला हसलो, कोणाला हसलो, आणि त्यातलं कुठलं हसणं ठीक होतं?

जे हे व्याख्यान नुसतं वाचताहेत आणि ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांना आधीच सांगून ठेवतो : खुनी कोण ते आम्ही फोडणार आहोत. ते आधी कळल्याने या सिनेमाचं फारसं बिघडत नाही. रहस्यपटाबद्दल असं म्हणावं लागतं यातच त्याच्या दुखण्याचं अर्धं निदान झालं.

तर 'बर्सर्क'. साल १९६७, ब्रिटनमध्ये बनलेला, दिग्दर्शक जिम ओ'कॉनली, निर्माता हर्मन कोहेन. सर्कशीची मालकीण आणि रिंगमास्टर मोनिका रिव्हर्स, म्हणजे जोन क्रॉफर्ड. सुरुवातीलाच तारेवर चालणारा कसरतपटू गॅस्पर याची तार तुटते आणि तीच त्याच्या गळ्याला आवळून तो प्रेक्षकांच्या डोक्यावर लोंबकळतो. मोनिकाला दुःख वगैरे काही होत नाही. ती म्हणते, आता गर्दी वाढेल. आणि वाढते! तिचा भागीदार डोरांडो घाबरून आपला हिस्सा परत मागतो. थोड्याच वेळात कुणीतरी त्याच्या डोक्यात मेख ठोकतं. मग तारेवरचा नवा गडी येतो, फ्रँक हॉकिन्स. तो खाली उभ्या केलेल्या संगिनींच्या वरून डोळे बांधून चालतो. मोनिकाचं आणि त्याचं जमतं. जादूगाराची सहायक मटिल्डा हीही त्याच्यावर डोळा ठेवून असते, तर करवतीने बाई कापायच्या खेळात ती खरीच कापली जाते. शेवटी फ्रँक तारेवर असताना त्याच्या पाठीत सुरी बसते आणि तो संगिनींवर कोसळतो. सुरी फेकणारी कोण, तर मोनिकाची मुलगी अँजेला. आईला आपल्यासाठी कधी वेळच नव्हता, म्हणून आईचा वेळ खाणाऱ्यांना ती संपवत होती.

एवढी गोष्ट. ती दोन-अडीच मिनिटांत सांगून झाली आणि सिनेमा दीड तासाचा आहे. उरलेल्या वेळात काय आहे याकडे नंतर येऊ.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. अशा सिनेमांच्या गोडीला इंग्रजीत 'कॅम्प' म्हणतात. आपल्याकडे कॅम्प म्हटलं की पुण्याचा कॅम्प, नाहीतर रक्तदानाचा कॅम्प. हा तो नव्हे. सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ मध्ये या वृत्तीवर एक टिपणवजा निबंध लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द समीक्षेत स्थिरावला. मराठीत त्याला प्रतिशब्द नाही असं म्हणतात. 'भडक' म्हटलं तर त्यात नुसती नापसंती येते. पण आपल्याकडे एक म्हणच आहे, अति झालं आणि हसू आलं. कॅम्पची व्याख्या याहून चांगली आम्हाला तरी सापडलेली नाही. फक्त एक पुस्ती जोडायची : ते हसू तुच्छतेचं नसतं. त्यात थोडं प्रेम असतं.

सॉन्टॅगबाई आणखी एक फरक करतात, तो आपल्या कामाचा आहे. एक असतो भाबडा कॅम्प आणि दुसरा मुद्दाम केलेला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू आठवा. बाहुल्यात शिरलेला गुंड, त्याचा तो आवाज. तिथे करणाऱ्यालाही माहीत आहे की हे हसण्यासारखं आहे. तो मुद्दाम केलेला. उलट 'जानी दुश्मन' (१९७९) मधला केसाळ राक्षस घ्या. तिथे सगळे गंभीर आहेत. तुम्हाला घाबरवायचंच आहे त्यांना. तो भाबडा. आणि भाबडा जास्त गोड, कारण कुणीतरी मनापासून मेहनत केली आहे आणि ती भलतीकडेच जाऊन पोचली आहे.

'बर्सर्क' या दुसऱ्या जातीचा आहे, आणि तो तसा आहे तो एका बाईमुळे.

जोन क्रॉफर्डने 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) साठी ऑस्कर घेतलं होतं. मूकपटांपासून काम करत आलेली ही नटी. १९६२ मध्ये 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' आला, चालला, आणि हॉलिवूडला शोध लागला की वय झालेल्या नायिकांना भयपटात घातलं की पैसे मिळतात. मग तिला तसलीच कामं येत गेली : 'स्ट्रेट-जॅकेट', नंतर हा, आणि १९७० मध्ये 'ट्रॉग', ज्यात ती गुहेतल्या आदिमानवाला शिकवते. तो तिचा शेवटचा चित्रपट. 'बर्सर्क'च्या वेळी ती साठीच्या आसपास होती. फ्रँकचं काम करणारा टाय हार्डिन सदतीस वर्षांचा. तर कॅमेरा काय करतो बघा. तिच्या चेहऱ्यावर मऊ उजेड आणि गळ्यावर नेमकी सावली. ती खोलीत कुठेही जाऊन उभी राहिली तरी सावली गळ्यापाशी हजर! एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही. आपल्या मागच्या रांगेतून कुणीतरी "आली, आली, सावली आली" म्हणालं, ते आम्ही ऐकलं.

पण आता हेही बघा. ही बाई एकही वाक्य हातचं राखून बोलत नाही. कथेत तारतम्य नाही, संवाद लाकडी आहेत, समोरचा नट खांबासारखा उभा आहे, आणि ती मात्र अशी बोलते जणू शेक्सपिअर चाललाय. भागीदार मेला तरी खेळ थांबणार नाही असं सांगताना तिचे डोळे बघा. तिने स्वतःच जर डोळा मारला असता, 'मलाही कळतंय हो हे काय आहे ते' असं सुचवलं असतं, तर सिनेमा मेला असता. तिचं हे न ढळणं, यालाच आपण हसतो आणि यालाच दादही देतो. या हसण्याबद्दल आम्हाला काही अपराधी वाटत नाही.

आता रहस्य म्हणून बघू. मराठी वाचक रहस्यकथेच्या बाबतीत कच्चा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पुढे गुरुनाथ नाईकांनीही तेवढ्याच उत्साहाने लिहिल्या, आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेऊन पुढच्या गावापर्यंत त्या वाचून संपवणारी पिढी या सभागृहात बसली आहे. त्या वाचकाची एकच अट असते : खुनी ओळखता आला नाही तरी चालेल, पण मागची पानं उलटून पाहिल्यावर "अरेच्चा, हे तर समोरच होतं" असं वाटलं पाहिजे.

'बर्सर्क' ही अट पाळत नाही. अँजेला सर्कशीत येते तीच मुळी सिनेमा बराच पुढे गेल्यावर, शाळेतून काढून टाकलेली म्हणून. तोपर्यंत गॅस्पर आणि डोरांडो दोघेही मेलेले आहेत. शाळेतल्या मुलीने तंबूत येऊन तारेत घोळ कधी केला, मेख कधी ठोकली, कुणाला दिसली कशी नाही? उत्तर नाही. बरं, मटिल्डाला मारायचं कारण? ती तर आईची वैरीण, ती आईचा वेळ खात नव्हती. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी ब्रुक्स सर्कशीबरोबर गावोगाव फिरतो, पण त्याचा तपास म्हणजे बहुतेक वेळ खेळ बघणं. (तो नट रॉबर्ट हार्डी. तरुण मंडळींना तो हॅरी पॉटरमधला जादूमंत्री फज म्हणून आठवेल. आणि मेख बसलेला डोरांडो म्हणजे मायकेल गॉफ, १९८९ च्या 'बॅटमॅन'मधला म्हातारा नोकर आल्फ्रेड.) अख्ख्या सिनेमात एकच धागा प्रामाणिक आहे : अँजेला सर्कशीत सुरी फेकणाऱ्याची जोडीदारीण म्हणून काम करायला लागते, आणि शेवटचा खून फेकलेल्या सुरीने होतो. हा एक धागा आहे म्हणून बाकीचे नसल्याचं जास्त खटकतं.

पण लेखक आळशी होते एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही असं आम्हाला वाटतं. खरी मेख दुसरीकडेच आहे. सर्कस आणि रहस्यकथा यांचं मुळात जमतच नाही. रहस्याला आडोसा लागतो. वाडा, बंद खोली, पडदा, जिना. सर्कशीचं रिंगण गोल असतं आणि लोक चहूबाजूंनी बसलेले असतात. तिथे लपवायला जागाच नाही. कसरतवाल्याचा हात सुटला तर हजार माणसांना दिसतो. उलट ते दिसतं म्हणूनच ती कसरत. दुसरं असं की सर्कशीचं सगळं कसब मरण टाळण्यात आहे. झुल्याखाली जाळी असते, तार रोज तपासली जाते, पकडणारा उडी मारणाऱ्याचा श्वास मोजत असतो. खेळ संपताना सगळे जिवंत उभे राहून हात हलवतात, ही सर्कशीची गोष्ट. खूनपटाला मात्र दर वीस मिनिटांनी एक प्रेत पाहिजे. ही दोन यंत्रं एकाच तंबूत चालवली की एक दुसऱ्याचा पट्टा ओढणारच.

ताडून बघा. सर्कशीत झाकून ठेवणारा खेळ एकच, जादूगाराची पेटी. आणि या सिनेमातला सगळ्यात जमलेला खून तोच! करवत खाली येते, मटिल्डा ओरडते, प्रेक्षकांना वाटतं खेळातलंच ओरडणं आहे. तेवढ्या एका मिनिटात सर्कस आणि रहस्य एक होतात.

आता त्या उरलेल्या वेळाकडे येऊ. निर्मात्याने ब्रिटनची खरीखुरी नामांकित 'बिली स्मार्ट्स सर्कस' घेतली होती. घेतली म्हटल्यावर दाखवायलाच हवी. म्हणून खून झाला की हत्ती येतात. चौकशी झाली की घोडे. सिंह येतात. आणि मग तो कुत्र्यांचा खेळ, झिपऱ्या पूडल कुत्र्यांचा, अख्खाच्या अख्खा. त्यात ना कुणी मरत, ना कुणावर संशय घेतला जात. कुत्री उड्या मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात. रहस्यपट म्हणून याला माफी नाही. कुठल्याही संकलकाने कात्री लावली असती.

आणि तरीही पुन्हा पाहताना आम्ही वाट पाहतो ती नेमकी याच भागाची. कारण खोट्या खुनांच्या मधे या सिनेमात खरं काही असेल तर ते हे आहे. ज्या माणसांनी आयुष्यभर तेवढंच एक काम केलं त्यांचं काम, साठ वर्षांपूर्वीचं, रंगीत, जवळून टिपलेलं. प्राण्यांचे असे खेळ आता पाहायला मिळणार नाहीत, आणि मिळू नयेत असंच आमचं मत आहे. आपल्याकडे १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं सर्कशीत नाचवायला बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. इंग्लंडमध्ये वन्य प्राण्यांवर अशी बंदी यायला २०२० उजाडलं. म्हणजे 'बर्सर्क'मधले हत्ती-सिंह बघताना आपण एकाच वेळी एक कला आणि एक क्रूर प्रथा पाहत असतो. दोन्ही खरं.

महाराष्ट्रात बसून हे बघताना आणखी एक गोष्ट डोक्यात येते. भारतीय सर्कस सुरू झाली ती मराठी माणसाच्या हातून. जुझेप्पे कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली, ती घोड्यांचे जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. त्यांच्याच तंबूत रहिमतखाँसाहेबांसारखा गवई गात असे, हे विसरायला नको. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली, कार्लेकरांची झाली. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत हिंस्र श्वापदांचे खेळ करून नाव कमावून आले. या मराठी नात्याची खूण कुठे सापडावी, तर बंगाली रहस्यकथेत. सत्यजित राय यांच्या फेलूदाची 'छिन्नमस्तार अभिशाप' ही गोष्ट वाचा. त्यात सर्कशीतला वाघ सुटतो, आणि सर्कशीतल्या वाघाच्या माणसाचं नाव काय असावं? करंदीकर. पुढचं सांगत नाही. ती गोष्ट रहस्याशी प्रामाणिक आहे, तेव्हा आपणही राहावं.

आपल्या भागात सर्कशीइतकाच तंबूतला सिनेमाही रुजला. जत्रेत टुरिंग टॉकीजच्या कनातीत, मातीवर बसून सिनेमा पाहिलेले लोक इथे असतील. तंबू म्हणजे काय, मधला खांब कसा उभा राहतो, वारा सुटला की कापड कसं फडफडतं, मेखा कोण ठोकतं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे डोरांडोच्या खुनाच्या वेळी आपल्या पोटात जो गोळा येतो, तो भयपटाने आणलेला नसतो. ती वस्तू ओळखीची असते म्हणून येतो.

आता त्या हसण्याबद्दल, ज्याविषयी आमचं मन साफ नाही. मध्येच सर्कशीतल्या मंडळींची मेजवानी आहे, आणि तिथे चौघं मिळून गाणं म्हणतात : दाढीवाली बाई, हाडांचा सापळा असलेला माणूस, बुटका विदूषक आणि पहिलवान. खुनी कदाचित मीच असेन, असा त्या गाण्याचा आशय. सभागृहात सगळ्यात मोठा हशा तिथे झाला. गाणं वाईट आहे म्हणून हसलो असू तर ठीक. पण त्यातला काही हशा त्या माणसांच्या शरीरांना होता. सिनेमाने त्यांना त्यासाठीच उभं केलंय. कथेत त्यांना दुसरं काही काम नाही, संशयितांत गांभीर्याने धरावं एवढाही मान नाही. क्रॉफर्डला हसणं आणि त्यांना हसणं यात आम्ही फरक करतो. तिने स्वतःच्या अभिनयाने ओढवून घेतलेलं ते हसू. यांनी काही ओढवून घेतलेलं नाही. जाता जाता, तो टक्कल केलेला पहिलवान मिल्टन रीड. त्याचा जन्म मुंबईचा! बाँडपटांतही तो मारामारी करायलाच दिसतो. नटाचं शरीर एकदा नजरेत भरलं की त्याच्या हाती संवाद येत नाहीत, हे आपल्या सिनेमालाही लागू आहे.

आणि शेवटचं दृश्य. तिथे हसलो त्याचं काय?

पुन्हा 'मिल्ड्रेड पिअर्स' आठवा. त्यातही राबणारी, धंदा उभा करणारी आई क्रॉफर्डच आहे. त्यातही खून मुलीनेच केलेला आहे, आणि तोही आईच्या आयुष्यातल्या पुरुषाचा. 'बर्सर्क'ने तीच गोष्ट बावीस वर्षांनी तंबूत आणून ठेवली. फरक एवढाच की तिथे आई मुलीवर नको इतकी माया करते, इथे मुलीच्या वाट्याला काहीच येत नाही. गोष्टीचा गाभा वेडावाकडा नाही, मित्रहो. गावोगाव फिरणारा धंदा, पोर दूर शाळेत ठेवलेलं, आईला पोरापेक्षा उद्याच्या खेळाची काळजी जास्त. 'मेरा नाम जोकर'मध्ये (१९७०) राजूला झुल्यावर बघताना आई मरते आणि त्याला त्याच दिवशी लोकांना हसवावं लागतं, तिथे आपण रडतो. दुःख एकाच घरचं. राज कपूर यांनी त्यासाठी आधी तासभर आई आणि मुलगा आपल्यासमोर वावरू दिले. इथे अँजेलाला शेवटच्या तीन-चार मिनिटांत सगळं ओरडून सांगावं लागतं, कारण आधीचा वेळ कुत्र्यांनी घेतला. आईला आपल्यासाठी वेळ नव्हता अशी मुलीची तक्रार, आणि सिनेमालाही तिच्यासाठी वेळ नाही! हे लेखकांनी ठरवून केलेलं नसणार, पण दुसऱ्यांदा पाहताना आम्हाला तिथे हसू आलं नाही.

क्रॉफर्ड गेल्यावर वर्षभराने, १९७८ मध्ये तिच्या दत्तक मुलीने, क्रिस्टिनाने, 'मॉमी डिअरेस्ट' हे पुस्तक लिहून आईने केलेल्या छळाचे आरोप केले. त्यावरचा १९८१ चा सिनेमाही इतका अति झाला की लोक आजही तो हसायला म्हणून लावतात. एका मुलीची तक्रार दुसऱ्यांदा हशात गेली.

व्याख्यानानंतर एकाने विचारलं, मग ते कुत्रे-हत्ती कापून सिनेमा तासाभराचा केला असता तर? हा प्रयोग झालेला आहे, पण भावंडावर. 'सर्कस ऑफ फिअर' (१९६६), ख्रिस्तोफर ली तोंडावर बुरखा घातलेला सिंहांचा रिंगमास्टर, लंडनच्या टॉवर ब्रिजवरची लूट, त्यातही बिली स्मार्टचीच सर्कस. अमेरिकेत तो 'सायको-सर्कस' या नावाने जेमतेम तासाभराचा करून दाखवला. लूट कुणी केली आणि खून कुणी, याचा पत्ता त्या तुकड्यांतून लागणं अवघड होऊन बसलं. पूर्ण प्रत मिळते. पुढच्या महिन्यात तीच लावू.